सोबत

आमच्या सीमाभागात कोणी दवाखान्याच्या कामासाठी परगावी निघाले, की शेजारीपाजारी पहिला प्रश्न पैशांचा विचारीत नाहीत. ‘सोबतीला कोण आहे?’ हा विचारतात. सोबत या शब्दात उपचार नाही, सल्ला नाही आणि सांत्वनही फारसे नाही. रांगेत उभे राहणे आहे, पिशवी सांभाळणे आहे, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकून ठेवणे आहे. घाबरलेल्या माणसास अर्धेच ऐकू येते. उरलेले अर्धे ऐकण्यासाठी दुसरे माणूस लागते.

पूर्वी निपाणी, चिकोडी, खानापूर या टापूत अशी सोबत करणारी एक-दोन माणसे गावोगाव असत. मिरजेची वाट त्यांना पाठ असे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन दवाखान्यावर आमच्या भागाच्या तीन-चार पिढ्या विसंबून होत्या. ‘मिरजेला नेलं’ हे वाक्य आमच्या लहानपणी फार हळू आवाजात उच्चारले जाई. त्यापुढचे नाव म्हणजे मुंबई. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. त्यामुळे मोठा दवाखाना म्हणजे मुंबई ही समजूत राज्य बदलले तरी बदलली नाही. आमची सरकारी नोकरी कर्नाटक शासनाची, कामकाजाची भाषा कन्नड, राजधानी बेंगळूरु. तेथे १९७३ पासून किडवाई संस्थेसारखे मोठे कर्करोग रुग्णालयही आहे. पण निपाणीच्या माणसास दुखणे आले, की त्याची पावले उत्तरेकडे वळतात. त्यात राजकारण नाही. त्याची आत्या कोल्हापुरात असते आणि चुलता परळला गिरणीत असतो, किंवा असायचा.

सेवानिवृत्तीनंतर हे सोबतीचे काम आम्हा चौघांकडे आपोआप आले. एक निवृत्त शिक्षिका, एक सरकारी दवाखान्यात तीस वर्षे काढलेल्या परिचारिका, तंबाखूच्या वखारीवर दिवाणजी होते असे एक गृहस्थ आणि महसूल खात्यात कारकुनापासून वर चढलेले आम्ही. या चौघांच्या मंडळास नाव नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. एक वही आहे. लहान मुलांचा कर्करोग हा विषय तर आम्ही मुळीच निवडला नव्हता. २०१८ साली निपाणीजवळच्या एका खेड्यातील ट्रॅक्टरचालक आपल्या चार वर्षांच्या मुलाचा एक कागद घेऊन आला आणि म्हणाला, ‘सायेब, इंग्रजीत हाय. एवढा वाचून सांगा.’ मुलगा दोन महिने फिकट पडत चालला होता, पाय दुखतात म्हणून चालायचे टाळीत होता, अंगावर न पडताच काळेनिळे डाग उठत होते. रक्त कमी आहे म्हणून टॉनिक झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी बेळगावच्या एका रुग्णालयात हाडाच्या मगजाची तपासणी झाली आणि हा कागद हाती आला. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. आम्ही तो वाचला. आणि सांगण्यापूर्वी परिचारिका बाईंना बोलावून घेतले. अशी बातमी एकट्याने सांगू नये हे आम्हांस नोकरीने शिकविले होते.

बाईंनी त्या बापास जे सांगितले ते आम्ही तेथेच प्रथम ऐकले. मोठ्या माणसांच्या कर्करोगावरून मुलांच्या कर्करोगाचा अंदाज बांधू नये. या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगातून मुले बरी होतात, बहुतेक बरी होतात. मात्र उपचार अडीच ते तीन वर्षे चालतात आणि मध्ये सोडून चालत नाहीत. बापाने वाक्याचा पहिला भाग ऐकला नाही, दुसराही ऐकला नाही. ‘तीन वर्सं’ एवढेच शब्द त्याने घरी नेले.

ही आशा अलीकडची आहे, हे सांगावयास हवे. १९४७ च्या अखेरीपर्यंत जगात कोठेही या रोगाचे मूल काही आठवड्यांपलीकडे क्वचितच टिके. त्या वर्षाअखेर बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी फॉलिक आम्लास विरोध करणारे एक औषध अशा मुलांना देऊन पाहिले आणि १९४८ साली, रोग तात्पुरता का होईना हटतो, असे प्रसिद्ध केले. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तेथील संशोधनाचे प्रमुख होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातील भीमावरमचे. त्याच वर्षी ते वारले. आपल्याकडे परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथे डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले, तेही एका नऊ वर्षांच्या मुलीवर; आणि बालपणीच्या पोलिओमुळे डॉक्टर स्वतः चाकाच्या खुर्चीत. पुढे त्याच दशकात आपल्या परिस्थितीस झेपेल असा औषधांचा ठरीव क्रम तेथे बसविला गेला आणि बरी होणारी मुले कितीतरी वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली जे उद्दिष्ट ठेवले ते असे, की २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले तरी वाचावीत. श्रीमंत देशांत आजच ८० टक्क्यांहून अधिक वाचतात. औषधे बरीचशी तीच आहेत. मग मधली मुले कोठे जातात, याचा शोध आम्हांस आकडेवारीतून लागला नाही. कोल्हापूरच्या फलाटावर लागला.

निपाणीला रेल्वे नाही. चाळीस किलोमीटरवरील कोल्हापूर गाठायचे, रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची आणि सकाळी दादरला उतरायचे. कर्करोगाच्या रुग्णास रेल्वेने शयनयानात पूर्ण आणि त्याच्या सोबत्यास तीन चतुर्थांश सवलत दिली आहे. (रेल्वेच्या नियमपुस्तकात सोबतीची दखल आहे याचा आम्हांस विशेष आनंद झाला.) पण त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो; म्हणजे पहिली खेप, जेव्हा खिशात सर्वांत कमी उजेड असतो, ती पूर्ण भाड्याची. फलाटावर बापाने विचारले, ‘आईपण लागतीय व्हय तितं?’ आई गेली तर विड्या बंद, बाप गेला तर ट्रॅक्टर बंद, दोघे गेले तर थोरली मुलगी आणि म्हैस कोणाकडे? उपचार मोफत झाले तरी हा हिशेब मोफत होत नाही. मधली मुले या हिशेबात हरवतात.

परळच्या पदपथाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात आम्ही भर घालीत नाही. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे तेथे चटईवर संसार मांडून बसलेली असतात. ज्या मुलाच्या पांढऱ्या पेशी औषधाने मुद्दाम खाली आणल्या आहेत त्यास ती जागा म्हणजे दुसरा आजार. म्हणून निवाऱ्याचा प्रश्न हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. दादरची गाडगेमहाराज धर्मशाळा, परळला १९६८ पासून काम करणारी नाना पालकर स्मृती समिती, आणि २००६ साली लोअर परळला आठ कुटुंबांची सोय करून सुरू झालेले सेंट ज्यूडचे केंद्र, जे पुढे अनेक शहरांत वाढले. या ठिकाणांचे मोल एका छपराएवढे नाही. तेथे आईला स्वतःची शेगडी मिळते. मुलाला उकळलेले पाणी आणि ताजा भात स्वतःच्या हाताने घालता येतो, आणि ज्या दिवसांत सारे काही डॉक्टरांच्या हाती गेलेले असते त्या दिवसांत एवढी एक गोष्ट तिच्या हाती राहते.

ज्या धर्मशाळेत आमच्या या मायलेकरांना जागा मिळाली तेथे एका सामाईक स्वयंपाकघरात सहा भाषा नांदत होत्या. शिक्षिका बाई आठ दिवस सोबतीस होत्या. त्यांनी सांगितले, की पहिले दोन दिवस ही बाई कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेगडीवरील बंगाली बाईने तिला एकच शब्द विचारला, ‘काउंट?’ हिने बोटे दाखविली. मग त्या बाईने आपली बोटे दाखविली. त्यानंतर रोज सकाळी ही विचारपूस. मुलाचे नाव, गाव, जात यांच्या आधी त्या बायकांना एकमेकींच्या मुलांच्या रक्तातील पेशींची संख्या ठाऊक होती. आम्ही सोबत म्हणून पाठविलेले माणूस आठ दिवसांनी परतले. ही बंगाली सोबत चार महिने टिकली.

कागदपत्रे आमच्या वाट्याची. येथे थोडे विस्ताराने लिहिण्याची मुभा वाचकांनी द्यावी. आमची सारी नोकरी याच धुळीत गेली. शिधापत्रिका कन्नडमध्ये. नाडकचेरीतून मिळालेला उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये. आधार कार्डावर बापाचे नाव ‘राव’सह, शिधापत्रिकेवर ‘राव’शिवाय, आणि निदानाच्या कागदावर आडनावच आधी. मुलाचे आधार काढलेलेच नाही. त्यातच निपाणी हा स्वतंत्र तालुका नेमका २०१८ साली झाला. जुन्या कागदावर तालुका चिकोडी, नव्यावर निपाणी. मुंबईच्या एका खिडकीवरील बाईंना हे एका माणसाचे दोन पत्ते वाटले, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? आम्ही त्या खुर्चीत असतो तर आम्हीही हेच म्हटले असते. तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र केले, प्रत्येक कन्नड कागदाचे मराठी आणि इंग्रजी भाषांतर जोडले, तालुका बदलल्याचा खुलासा एका स्वतंत्र कागदावर लिहिला आणि सर्व एका धाग्यात ओवून वर अनुक्रमणिका लावली. पुढच्या खेपेस त्याच बाईंनी विचारले म्हणे, ‘ही फाईल कोणी केली?’ नोकरीत आम्हांस असा शेरा कधी मिळाला नव्हता.

सीमाभागाची खरी अडचण मात्र भाषांतराने सुटत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली जीवनदायी योजना सुरू झाली. तिलाच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. तिला शिधापत्रिका महाराष्ट्राची हवी. कर्नाटकात २०१० साली वाजपेयी आरोग्यश्री आली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात राज्याची योजना केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. तिची वाट राज्यातील सरकारी दवाखान्याच्या शिफारशीवरून जाते. राष्ट्रीय कार्ड राज्याबाहेरही चालावे अशी कल्पना आहे, पण सगळ्याच कुटुंबांना ती लागू पडत नाही. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांना फुले योजना लागू करण्याचे जाहीर केले आणि कर्नाटक शासनाने त्यास आक्षेप घेतला. सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर निवृत्त अधिकाऱ्याने या पानांत बोलू नये, आणि आम्ही बोलतही नाही. एवढेच नोंदवितो, की आजारी मुलाच्या बापास दोन राज्ये आपल्यासाठी भांडतात याचे सुख नसते. कोणत्या का होईना एका टेबलावर लवकर सही व्हावी, एवढेच त्यास हवे असते.

विड्यांचे आणखी वेगळे. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी आहे आणि त्यातून कर्करोगाच्या उपचारखर्चाची तरतूदही आहे. त्यासाठी ओळखपत्र लागते. या घरात ओळखपत्र होते, पण सासूचे. विड्या सून वळत होती.

आणि निपाणीत तंबाखू म्हटले की विषय तेथेच थांबत नाही. या गावाच्या वखारी, १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आणि त्यातील गोळीबार, घरोघरी सुपात पाने आणि तंबाखू घेऊन बसलेल्या बायका. गावाचे पोटच त्यावर चाललेले. कर्करोग आणि तंबाखू यांचे नाते आता शाळेच्या भिंतीवरही रंगविलेले असते. परळहून पहिल्यांदा परतल्यावर या बाईने परिचारिका बाईंना एकांतात विचारले, ‘पोटुशी असताना मी विड्या वळत हुते. माज्यामुळंच झालं का वो?’ हा प्रश्न तिने डॉक्टरांना विचारला नव्हता, नवऱ्यास विचारला नव्हता. चार महिने मनात घेऊन ती शेगडीसमोर बसली होती. बाईंनी तिला सांगितले, की तोंडाचा आणि फुप्फुसाचा रोग निराळा आणि हा निराळा. अशा बहुतेक मुलांच्या बाबतीत बोट दाखविण्याजोगे एक कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. त्या धर्मशाळेत तुझ्याशेजारी होत्या त्यांच्यापैकी किती जणी विड्या वळत होत्या? बाई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘एक बी न्हाई.’ हे उत्तर शास्त्रीय नसेल. त्या रात्री ती झोपली, असे सासूने सांगितले. तेव्हापासून कोणत्याही आईने विचारण्यापूर्वीच आम्ही हे सांगून टाकतो, कारण न विचारणाऱ्या जास्त असतात.

सासूची शंका वेगळी होती. शहरातल्या औषधांवर तिचा विश्वास नव्हता. या मुलास शिरेतून देत त्या औषधांपैकी एक, व्हिंक्रिस्टीन, सदाफुलीपासून काढतात हे शिक्षिका बाईंनी तिला सांगितले. तिच्याच परसात, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली सदाफुली होती. म्हातारी उठली, झाडाजवळ गेली, फूल उलटसुलट करून पाहिले आणि लगेच विचारले, ‘मग पाला उकळून देऊ का?’ पाला विषारी आहे, कित्येक क्विंटल वाळल्या पानांतून ग्रॅमभर औषध निघते आणि ते तोलूनमापून द्यावे लागते, हे समजावता समजावता बाईंची तारांबळ उडाली. परंतु औषधाशी तिचे वैर संपले. पुढे प्रत्येक खेपेस ती विचारी, ‘फुलाचं विंजेक्शन दिलं का?’

या उपचाराची खरी परीक्षा पहिल्या महिन्यात नसते. पहिल्या महिन्यात भीती असते आणि भीती माणसास गाडीत बसविते. महिन्या-दीड महिन्यात रक्तात रोग दिसेनासा होतो. काही महिन्यांनी केस येतात, मूल खेळू लागते. मग गाव म्हणते, झाले बरे. येथून पुढे मज्जारज्जूत द्यावयाची इंजेक्शने, पुन्हा तीव्र औषधे, आणि नंतर दीड-दोन वर्षे घरी रोज रात्री गोळ्या. धडधाकट दिसणाऱ्या मुलास आजारी पाडणारे औषध का द्यावे, याचे उत्तर देता देता भल्याभल्यांची दमछाक होते. आमच्या दिवाणजींनी ते एका वाक्यात दिले. ‘रानात हरळी वर दिसंना म्हणून नांगर सोडतोस का?’ ट्रॅक्टर चालविणाऱ्यास दुसरे स्पष्टीकरण लागले नाही.

तरी नवस आडवा आलाच. आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेस नातवाला नेईन असे आजीने बोलून ठेवले होते आणि यात्रेच्या दिवसांतच मुलाचे काउंट खाली. गर्दीत नेणे धोक्याचे, आणि नवस फेडू नको असे म्हणणे तर त्याहून धोक्याचे. देवाचे मोडले तर उपचारही मोडतील. बैठक बसली. ठरले असे, की बापाने यात्रेस जावे, भाकणूक ऐकावी, भंडारा आणावा आणि मुलगा बरा झाल्यावर आजीने त्यास स्वतः पायरीशी न्यावे. देवाकडून मुदतवाढ घेतली, असे दिवाणजी म्हणाले. अशा वेळी हसणारे एक माणूस मंडळात असावे.

मुलास ताप आला तर काय करायचे, याचे एक कार्ड आम्ही तीन भाषांत लिहून दिले होते. कोणत्याही डॉक्टरने पाहताक्षणी समजावे असे: हे मूल कर्करोगाच्या औषधांवर आहे, पेशी कमी असण्याचा संभव आहे, सकाळची वाट पाहू नये, शिरेतून प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे. २०१९ च्या पावसाळ्यात मध्यरात्री ताप चढला. गावातील मालवाहू जीपवाला आधीच ठरवून ठेवलेला होता. पहाटे तीनला कोल्हापूर गाठले. नऊ दिवस मुलगा तेथे होता. त्यांतील तिसरा दिवस वाईट होता, एवढेच लिहितो.

आणि मग २०२० चा मार्च आला. २५ तारखेपासून टाळेबंदी. रेल्वे बंद, एस.टी. बंद, आणि निपाणी व कागल यांच्यामधील कोगनोळी नाका, जेथून आम्ही आयुष्यभर न थांबता गेलो, तेथे अडथळे आणि पोलीस. मुलाच्या रोजच्या गोळ्या एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरणार होत्या. ही गोळी खेड्यात मिळत नाही. निपाणीतही त्या दिवसांत मिळाली नाही. परळच्या डॉक्टरांनी दूरध्वनीवर सांगितले, येऊ नका, रक्ताची तपासणी तेथेच करा, अहवाल कळवा, आम्ही मात्रा सांगू. पण गोळ्या थांबवू नका. गोळ्या कोल्हापुरात होत्या. कोल्हापूर महाराष्ट्रात होते.

आम्ही नाक्यावरील अधिकाऱ्यांना भेटलो. ओळख सांगितली नाही. फाईल दाखविली, अनुक्रमणिकेसह. कन्नडमध्ये बोललो, कारण तो तरुण अधिकारी विजापूरकडचा होता आणि घाबरलेला होता. त्याने फाईल पूर्ण वाचली. नंतर स्वतः अडथळ्यापर्यंत चालत आला. पलीकडून कोल्हापूरचे एक औषधविक्रेते मोटारसायकलवर आले होते. आम्ही त्यांचा चेहरा आजवर पाहिलेला नाही, कारण दोघांच्याही तोंडास फडके होते. पुडके रस्त्यावरील दगडावर ठेवले गेले, ते मागे सरले, अधिकाऱ्याने ते उचलून आम्हांस दिले. दोन महिन्यांच्या गोळ्या. पैसे नंतर द्या म्हणाले. असे त्या वर्षी तीनदा झाले. एकही रात्र चुकली नाही. भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज फुली मारण्याचे काम थोरल्या बहिणीकडे होते, आणि ती दिनदर्शिका आम्ही पाहिली आहे.

या थोरलीविषयी. मुलाच्या आजारात घरातील दुसरे मूल दिसेनासे होते. ही तेव्हा नऊ वर्षांची. आई मुंबईस, बाप कधी येथे कधी तेथे. ही आजीजवळ, म्हशीचे पाहते, शाळेत जाते, काही मागत नाही. सारेजण तिचे कौतुक करीत, किती शहाणी पोर. शिक्षिका बाईंना ते कौतुक खटकले. त्यांनी एकदा तिला घरी आणून जेवू घातले आणि सहज विचारले, तुला काय आणू मुंबईहून? ती म्हणाली, मला पण ताप येऊ दे. बाईंनी आम्हांस हे सांगितले तेव्हा आम्ही चौघेही बराच वेळ काही बोललो नाही. पुढच्या खेपेस तिला परळला नेले. भावाच्या पाठीत सुई देतात तेव्हा त्याचा हात धरायला तिला उभे केले नाही, पण बाहेरच्या बाकावर आईच्या मांडीवर डोके ठेवून ती दुपारभर झोपली. दिनदर्शिकेचे काम तिला त्यानंतर मिळाले.

सगळी मुले राहत नाहीत. खानापूरकडची एक मुलगी, सहा वर्षांची, २०२२ साली गेली. रोग उलटला होता. दुसऱ्या फेरीच्या उपचारांनी काही हाती लागणार नाही, दुखणे तेवढे थांबविता येईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तिला घरी आणले. शेवटचे पाच आठवडे ती अंगणात होती, कुत्र्याच्या पिलांत. परिचारिका बाई दर दोन दिवसांनी बसने जात. आम्ही दोनदा गेलो. अशा घरी काय बोलावे हे कोणत्याही सरकारी परिपत्रकात नाही आणि धर्मग्रंथांतील वाक्ये त्या अंगणात तोंडातून निघत नाहीत. तेराव्यानंतर माणसे येईनाशी झाली. आम्ही दिवाळीत गेलो तेव्हा आई म्हणाली, ‘येत्यात ती बी तिचं नाव घेत न्हाईत. जणू नव्हतीच.’ तेव्हापासून आम्ही त्या घरी गेलो की तिचे नाव घेतो. येथे मात्र ते लिहीत नाही. आईने मुंबईत वापरलेला प्रेशर कुकर आमच्याकडे आणून दिला; तो सध्या एका सौंदत्तीच्या कुटुंबाबरोबर परळला आहे.

वहीविषयी लिहायचे राहिले. तिच्यात दिलेल्या रकमांची नोंद आहे, परतीची रकाना नाही. ट्रॅक्टरवाल्याने उपचार संपल्यावर एका रविवारी येऊन ती वही मागितली आणि आपल्या नावापुढील आकड्यांची बेरीज केली. अकरा हजार सातशे. दर सुगीस तो काही आणून देतो. आम्ही नको म्हटले तर त्याने दिवाणजींकडे पाहिले, आणि दिवाणजींनी आम्हांस खुणेने गप्प बसविले. घेतलेले पैसे परत करण्याचा हक्क माणसापासून काढून घेऊ नये, असे त्यांनी नंतर सांगितले. वखारीत पन्नास वर्षे उधारी लिहिलेल्या माणसाचे हे मत आहे.

मुलाच्या गोळ्या २०२१ च्या प्रारंभी थांबल्या. थांबल्या त्या दिवशी घरात आनंद होईल अशी आमची समजूत. प्रत्यक्षात आई रडली. गोळी होती तोवर राखण होती, आता काय, असे तिला वाटले. नंतरच्या तपासण्यांचे अंतर वाढत गेले. उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी परळला १९९१ पासून वेगळा बाह्यरुग्ण विभाग चालतो. उंची, हृदय, शिकण्याची गती हे सारे तेथे वर्षानुवर्षे पाहतात. बरे झालेल्यांनी २००९ साली ‘उगम’ नावाचा स्वतःचा गटही उभारला आहे. आमच्या मुलास या कशाचेच अप्रूप नाही. त्यास आठवते ते एवढेच, की मुंबईत एक बंगाली मुलगा होता आणि त्याच्याजवळ लाल मोटार होती.

सासूने नवस फेडला. पायऱ्या चढताना नातवाने तिला हात दिला. मुलगा आता सहावीत आहे. पुढच्या महिन्यात वार्षिक तपासणी आहे, तिकिटे काढली आहेत, सवलतीचा दाखला फाईलमध्ये आहे. शाळेसाठी रजेचा अर्ज आम्ही लिहून देतो म्हटले, तर त्याने तो आधीच लिहून ठेवला होता. कन्नडमध्ये. एका ठिकाणी विभक्तीचा प्रत्यय चुकला होता. तेवढा दुरुस्त करून दिला.